पडद्याची सरळ बाजू

आमच्या विद्यापीठात हिवाळ्यातल्या दर शुक्रवारी, दिवस मावळला की उघड्या मैदानावर चित्रपट दाखवला जातो. तिकीट नसते. कोणी कुठून यावे याबद्दल अलीकडेपर्यंत कोणाचे काही म्हणणेही नव्हते. हा उपक्रम मी चालवते. माझा विषय प्रकाशशास्त्र. चित्रपटकलेतले मला फारसे कळत नाही, आणि कळते असे भासवण्याची सवयही नाही. दिवा, भिंग, पडदा आणि अंधार यांच्याविषयी मात्र मी खात्रीने बोलू शकते, आणि उघड्यावरच्या खेळाला सुरुवातीला तेवढे पुरते.

येणाऱ्यांत विद्यार्थी थोडे असत. यंत्रमागावरून सुटलेले कामगार बायकामुलांसह येत, कुंपणापलीकडच्या माळावर मेंढ्या बसवलेली कुटुंबे येत, जवळच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या हातात स्वतःचे पोते घेऊन येत. चित्रपटाची भाषा बऱ्याच जणांना समजत नसे. मग एखादा ती जाणणारा शेजाऱ्याला सांगे, शेजारी बायकोला सांगे, बायको सासूला, आणि दर टप्प्यावर कथा थोडी सुधारत जाई. शेवटच्या म्हातारीपर्यंत पोचलेली कथा मी एकदा मुद्दाम ऐकली होती. मूळ चित्रपटापेक्षा तिच्यात कार्यकारणभाव अधिक पक्का होता.

एका शुक्रवारी व्यवस्थापन परिषदेचे एक सदस्य पाहुण्यांना घेऊन आले. पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांवर मेंढपाळांच्या बायका बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. कारण कोणी उठायचे असते हे त्यांना माहीत नव्हते, आणि उठवायचे असते हे मला सुचले नाही. पुढच्याच आठवड्यात आदेश निघाला: परिसरातील चित्रपट-प्रदर्शनास यापुढे केवळ वैध ओळखपत्रधारकांनाच प्रवेश राहील.

मी कुलसचिवांना भेटले. ते सभ्य गृहस्थ आहेत. त्यांनी चहा मागवला.

"बनसोडे मॅडम, तुमच्या सिनेमाला आमचा विरोध नाही. पडदा लावा, प्रोजेक्टर लावा. फक्त ही बाहेरची पब्लिक नको. सुरक्षेचा प्रश्न आहे."

"कोणता प्रश्न, सर?"

"चोऱ्या वाढल्यात."

"कशाच्या?"

"मुलींच्या वसतिगृहातले नळ गेले नाहीत का?"

"ते मे महिन्यात गेले. आपले खेळ फेब्रुवारीला संपतात. मे महिन्यात इथे मुलीही नव्हत्या आणि सिनेमाही नव्हता."

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "मॅडम, सगळंच मोजून ठरत नसतं."

"चोरी मोजूनच ठरते, सर. नाहीतर काय गेलं हे कळणार कसं?"

"तुमचं बरोबर असेल," ते म्हणाले, "पण आदेश निघालाय."

युक्तिवाद संपला की आदेश सुरू होतो, हा क्रम मला नवा नव्हता. नवी अडचण पूनमची होती.

पूनम जनसंज्ञापन विभागात शिकते. तिचे गाव सांगोला तालुक्यात, घरी मेंढ्या. पावसाळा संपला की तिचे आईवडील कळप घेऊन निघतात आणि रानारानांतून फिरत उन्हाळ्याच्या शेवटी परततात. मागच्या वर्षी पूनम सुट्टी मिळेल तशी त्यांच्यामागून फिरली आणि फोनच्या कॅमेऱ्यावर तिने या वाटचालीचा माहितीपट केला. तो येत्या शुक्रवारी दाखवायचा ठरला होता. कळप त्या वेळी विद्यापीठाजवळ, सोलापूरच्या आसपासच होता. पूनमने सगळ्यांना निरोप धाडले होते, गावातली भावकी टेम्पो करून येणार होती, आणि आदेश निघाला बुधवारी.

ती माझ्या खोलीत आली तेव्हा रडत नव्हती. तिला राग आला होता.

"मॅडम, ज्यांच्यावर पिक्चर हाय तेच भायेर, आणि ज्यांना मेंढरू आणि शेरडू यातला फरक कळत न्हाई ते आत. हे कसं काय?"

"त्यांना फोनवर दाखवता येईल, असं कुलसचिव म्हणतील."

"फोनवर मेंढरू मुंगीएवढं दिसतंय. आणि आमचे आबा फोन बघत न्हाईत. ते म्हणतात, मेंढरामागं फोन घेऊन हिंडाय कालिज कशाला लागतं. हितल्या मोठ्या पडद्यावर त्यांनी एकदा बघावं. मग काय म्हणायचं ते म्हणू द्या."

तिला एवढेच हवे होते. ही मागणी मला अवाजवी वाटली नाही. मी आदेश पुन्हा वाचला. त्यात व्यक्तींच्या प्रवेशाविषयी लिहिले होते; प्रकाशाच्या बाहेर जाण्याविषयी काहीच नव्हते.

मैदानाची एक कड कुंपणाला लागते. कुंपण तारेचे आहे, आणि पलीकडे जुना गाडीरस्ता व माळ. पडदा त्या कडेला, तारेला लागून उभा केला तर तो आतून दिसेल तसा बाहेरूनही दिसेल. मात्र कापड पातळ हवे. विद्यार्थ्यांना घेऊन मी नवी पेठेत गेले आणि मांजरपाटाचे निरनिराळे तुकडे आणले. प्रयोगशाळेत प्रकाशमापक लावून कोणत्या कापडातून किती उजेड पार होतो ते पाहिले. जाड कापड आतल्यांना उत्तम चित्र देत होते आणि बाहेरच्यांना काहीच नाही. एका विरळ विणीच्या कापडात दोन्ही बाजूंचा उजेड जवळजवळ सारखा आला. त्याचे दोन पट्टे शिवून घेतले.

एक उणीव राहत होती. मागून पाहणाऱ्याला डाव्याचे उजवे दिसते. प्रोजेक्टरमध्ये चित्र आडवे उलटवण्याची सोय असते. ती वापरली की बाहेरच्यांना सरळ दिसेल आणि आतल्यांना उलटे. पण आत कुलसचिव बसणार होते, ते परिषदेचे सदस्य बसणार होते, पूनमचे काम तपासायला मुंबईहून येणाऱ्या परीक्षक बाई बसणार होत्या, आणि त्यांच्यासाठी पूनमने चित्राखाली इंग्रजी अक्षरांत, संवादांत नसलेली स्वतःची टिपणे दिली होती. बाहेरच्यांना अक्षरांची गरज नव्हती. मेंढी डावीकडून उजवीकडे गेली काय आणि उजवीकडून डावीकडे गेली काय, असा विचार मी केला. वाजवी तडजोड म्हणून मी तो मनाशी नोंदवलाही.

आदल्या दिवशी जेवताना ही योजना मी आईला सांगितली. माझी आई, पारूबाई, मूळची केम गावची. तिच्या लहानपणी गावात फिरता सिनेमा येई. चावडीपुढे कापड बांधत. गाव पुढे बसे आणि आमची वस्ती कापडाच्या मागे. त्यामुळे आईच्या आठवणीतले सगळे नायक डाव्या हाताने तलवार चालवतात. ही गोष्ट मी वर्गात विद्यार्थ्यांना हसवण्यासाठी सांगत आले आहे.

"म्हंजे त्यास्नी मागनं दाखवनार व्हय?" आईने विचारले.

"मागून जवळजवळ तेवढंच स्पष्ट दिसतं, आई. मी मोजलंय."

"आमाला बी चांगलंच दिसायचं की. कोन न्हाय म्हनतंय?" तिने भाकरीचा तुकडा मोडला. "तवा बी मोजलं आसंल कुनीतरी."

माझ्याकडे जे उत्तर होते त्यात फक्त भौतिकशास्त्र होते.

शुक्रवारी उन्हे कलताच टेम्पो आला. माणसे गाडीरस्त्यावर उतरली आणि तारेपलीकडे घोंगड्या अंथरून बसली. त्यांच्यामागे नेहमीची वस्तीवरची मंडळी, कामगारांची कुटुंबे, पोती घेतलेल्या म्हाताऱ्या. बाहेरची गर्दी आतल्यापेक्षा मोठी होती. फाटकावरचा रखवालदार शिवानंद अक्कलकोटकडचा. तो माझ्याजवळ आला.

"म्याडम, साहेब इचारले तर काय सांगू?"

"काय दिसतंय तुम्हाला?"

"लोक रस्त्यावर बसलेत."

"तेच सांगा."

त्याने थोडा विचार केला. "कंपौंडच्या भायेर माझी ड्यूटी न्हाई बगा," तो म्हणाला आणि समाधानाने परत गेला.

आत खुर्च्यांवर मान्यवर बसले. पूनमला पहिल्या रांगेत बसवले होते, पण ती दर थोड्या वेळाने उठून पडद्याच्या कडेला जाई आणि तारेतून पलीकडे पाही. तिथे तिचे वडील सिद्धनाथ मांडी घालून बसले होते, शेजारी आई राजाबाई, आणि थोड्या अंतरावर सिद्धनाथांचे चुलतभाऊ बिरुदेव. या दोन भावांत वाटणी झाली तेव्हापासून बोलणे बेताचे होते, हे पूनमने मला आधी सांगितले होते. बिरुदेव टेम्पोत आलेच कसे, याचे तिला आश्चर्य वाटत होते.

चित्रपट सुरू झाला. पहाट, धुरकट माळ, आणि बसलेला कळप उठू लागतो. राजाबाई पडद्यावर आल्या, कोकरू बगलेत घेऊन. पलीकडून बायकांचा आवाज उठला. मग कॅमेरा एका मेंढीच्या अगदी जवळ गेला; तिचे डोके पडदाभर झाले.

"ही आपली न्हाईत," पलीकडून पुरुषाचा आवाज आला. आवाज सिद्धनाथांचा होता, आणि तो दबका नव्हता.

"गप बसा की," राजाबाई म्हणाल्या. "मी दिसली न्हवं का आत्ता."

"तू हाइस. मेंढरं आपली न्हाईत. कान बग कान."

पुढे आणखी मेंढ्या आल्या. मग बिरुदेवांचा आवाज आला, सावकाश आणि तृप्त. "आरं, ही तर माजी हाईत. कुनाला दावायची म्हनल्यावर चांगलीच मेंढरं घ्याय लागत्यात, पोरीचं काय चुकलं?"

पलीकडे हशा पिकला. पूनम धावत कडेला गेली. मीही गेले.

कळप वाटला गेला तेव्हा दोन भावांनी खुणा ठरवून घेतल्या होत्या. सिद्धनाथांच्या कोकराच्या डाव्या कानाला चीर देतात, बिरुदेवांच्या उजव्या. माळावर कळप मिसळले की याच खुणेने ते वेगळे होतात. पडद्यावरच्या प्रत्येक मेंढीची चीर, बाहेरून पाहणाऱ्याला, उजव्या कानाला होती.

"आबा, तिकडनं उलटं दिसतंय," पूनम तारेतून म्हणाली. "डाव्याचं उजवं."

"मेंढरं कशी उलटी हुतील? आन मेंढरं उलटी तर तुजी आय सरळ कशी?"

"व्हय," राजाबाई म्हणाल्या, "मी तर हाय तशीच हाय."

मला दोघांची निरीक्षणे मान्य करावी लागली. राजाबाईंनी आपला चेहरा रोज आरशातच पाहिला होता, आणि आरसा डाव्याचे उजवेच करतो. पडद्याच्या मागून त्यांना स्वतःचा ओळखीचा चेहरा दिसत होता. सिद्धनाथांनी मेंढ्या कधी आरशात पाहिल्या नव्हत्या. बाई खरी आणि मेंढ्या खोट्या, हा त्यांचा निष्कर्ष चुकीचा होता. पण त्यांना मी जे दाखवत होते, त्यावरून दुसरा कोणताही निष्कर्ष निघाला नसता.

सिद्धनाथ उठले. घोंगडी झटकून त्यांनी खांद्यावर घेतली.

"वरीसभर आमच्या मागं हिंडली," ते कोणाकडेच न पाहता म्हणाले, "आन दावायच्या टायमाला बिरुदेवाची मेंढरं आमची म्हनून दावली. चला."

"आबा, थांबा की."

"खोटं बगाय न्हाई थांबत मी."

पूनमने माझ्याकडे पाहिले. टेम्पोजवळची काही माणसे उठू लागली होती.

मी प्रोजेक्टरकडे परत गेले आणि चित्र थांबवले. उलटवण्याची कळ प्रोजेक्टरवर कुठे आहे हे मला ठाऊक होते. इथवर यायला इतका वेळ लागायला नको होता. मी ती दाबली. पडद्यावरची मेंढी क्षणभर नाहीशी झाली आणि दुसऱ्या बाजूला तोंड करून पुन्हा आली. मी चित्रपट पहिल्यापासून लावला.

पडद्यावर प्रथम विद्यापीठाचे नाव आले. आत बसलेल्यांना ते उजवीकडून डावीकडे, पाठमोरे दिसले. खुर्च्यांमध्ये कुजबुज झाली. कुलसचिव उठून माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, उलटं लागलंय."

"सरळ आहे, सर. आपण मागच्या बाजूला बसला आहात."

त्यांनी पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "हे हेतुपुरस्सर केलंय तुम्ही?"

"हो."

"पाहुण्यांना खालची अक्षरं वाचता येत नाहीत."

"पलीकडून येतील. बाहेरच्यांनी आत येऊ नये, असा आदेश आहे. आतल्यांनी बाहेर जाऊ नये, असा नाही. मी तो दोनदा वाचला."

"तुम्ही सहयोगी प्राध्यापक आहात, मॅडम. तुमची बढती समितीपुढे आहे, हे विसरू नका."

"विसरले नाही. म्हणूनच पहिल्यांदा उलट्या बाजूने लावला होता."

ते तिथेच उभे राहिले. मी कळीवरून हात काढला नाही. त्यांनी तो दूर करायला सांगितले असते तर मी तसे केले नसते, आणि एका अध्यापिकेचा हात सर्वांदेखत ओढून काढणे त्यांच्या सभ्यतेत बसत नव्हते. सभ्यतेचा असा उपयोग मी पहिल्यांदाच करत होते.

पडद्यावर मेंढीचे डोके आले.

"डावा," कोणीतरी म्हणाले.

"डावाच की," सिद्धनाथांचा आवाज. पडद्याच्या कडेने मला ते दिसत होते, अजून उभे, घोंगडी खांद्यावर. "ही धाकटी. हिला मी सोता चीर दिली. वाकडी पडली बग, कोकरू हाललं तवा." मग जरा वेळाने, "बिरुदेवा, ही तुजी का?"

"न्हाई बा," बिरुदेव म्हणाले. "माज्याकडं आसली मरतुकडी न्हाईत."

या वेळचा हशा वेगळा होता. सिद्धनाथांनी घोंगडी पुन्हा अंथरली, आणि मी पाहिले, तिची एक बाजू त्यांनी बिरुदेवांच्या दिशेने सरकवली. बिरुदेव तिच्यावर बसले नाहीत. पण गुडघा टेकवला.

एवढ्यात राजाबाई पुन्हा पडद्यावर आल्या.

"आगं बया," त्या पलीकडून म्हणाल्या, "आता माजंच तोंड वाकडं दिसाय लागलं."

"आसंच हाय ते," सिद्धनाथ म्हणाले. "मी रोज ह्येच बगतोय."

"बगताय तर मगाशी बायकू उलटी झाल्याली का वळकली न्हाई? मेंढराचा कान तेवढा वळकला."

बायकांनी त्यांना बराच वेळ हसून दाद दिली. चित्रपटातला आवाज त्यात बुडाला. कोणाची तक्रार आली नाही.

आतले लोक आधी माना तिरक्या करून पाहत राहिले. मग विद्यार्थी उठले. फाटकातून बाहेर पडून, कुंपणाला वळसा घालून ते पलीकडे घोंगड्यांच्या कडेला जाऊन बसू लागले. मुंबईच्या परीक्षक बाई थोडा वेळ थांबल्या, मग पर्स उचलून निघाल्या. परिषदेचे सदस्य त्यांच्यामागे गेले. परीक्षक उठल्यावर त्यांना बसवेना. पलीकडे एका म्हातारीने त्यांना आपल्या पोत्यावर जागा दिली. ते अवघडून उकिडवे बसले. तिथे कोणी कोणासाठी उठत नव्हते, पण सरकत सगळेच होते.

शेवटी आत रिकाम्या खुर्च्या उरल्या, आणि कुलसचिव, आणि मी. प्रोजेक्टर सोडून मला जाता येत नव्हते. कुलसचिव का गेले नाहीत, हे मी विचारले नाही. पूनमने सुट्टी मिळेल तशी चालून टिपलेली वाट आम्ही दोघांनी उलट्या बाजूने, एकही अक्षर न वाचता, संपेपर्यंत पाहिली. मी मोजले होते तसेच होते. उजेडात जवळजवळ फरक नव्हता. पण खाली एकेक ओळ येई, पलीकडचे विद्यार्थी ती वाचून हसत किंवा गप्प होत, आणि कशाला ते मला कळत नसे.

चित्रपट संपल्यावर सिद्धनाथ तारेजवळ आले. पूनम तिथे उभी होती. त्यांनी तिला शाबासकी दिली नाही.

"ती नदी वलांडताना घेतलंस ते," ते म्हणाले, "तवा लंगडी मागं राहिल्याली. ती दिसली न्हाई."

"ती माज्या पाठीमागं हुती, आबा."

"मग पुढल्या टायमाला पाठीमागं बी बगत जा."

पुढल्या टायमाला, असे ते म्हणाले होते. पूनमने ते ऐकले हे मला तिच्या ताठ झालेल्या पाठीवरून कळले.

कुलसचिव माझ्याजवळ आले. त्यांचा आवाज शांत होता. "सोमवारी खुलासा द्यावा लागेल तुम्हाला. आणि पुढच्या शुक्रवारी हा पडदा इथे दिसता कामा नये."

"खुलासा देईन," मी म्हटले.

मग मी टेबलावरचा माइक उचलला. दर खेळानंतर पुढच्या शुक्रवारची घोषणा मीच करते. पलीकडची माणसे घोंगड्या गोळा करत होती. माइकची खरखर ऐकून ती थांबली.

"पुढच्या शुक्रवारी," मी म्हटले, "दिवस मावळल्यावर, याच जागी, याच पडद्यावर खेळ होईल. बसण्याची जागा कुंपणाबाहेर. ज्यांना आत बसायचं असेल त्यांनी ओळखपत्र आणावं, त्यांना चित्र—"

कुलसचिवांनी हात लांबवून माइकची कळ बंद केली. तारेपलीकडे सगळे उभे राहून वाट पाहत होते.

वर्गात मी माइक वापरत नाही. तो टेबलावर ठेवून मी दोन पावले तारेकडे गेले आणि तेच वाक्य पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू केले.